मुखवट्याआडचा खलनायक काय बोलतो?

मुखवटा घातलेला खलनायक पडद्यावर आला की प्रेक्षक दचकतात. दचकवणे हे त्याचे कामच असते. पण त्याने दिलेली धमकी ऐकून "काय म्हणाला हो तो?" असे शेजारच्याला विचारण्याची पाळी आली, तर साऱ्या दहशतीवर पाणी पडते. धमकी समजली तरच भीती वाटणार!

असा प्रसंग खरोखरच घडला आहे. क्रिस्टोफर नोलन या दिग्दर्शकाच्या 'द डार्क नाइट राइजेस' या चित्रपटाची सुरुवातीची सुमारे सहा मिनिटे डिसेंबर २०११ मध्ये काही आयमॅक्स चित्रपटगृहांत आधीच दाखवण्यात आली. त्यात बेन नावाचा खलनायक एका विमानात दिसतो. नाक आणि तोंड पूर्ण झाकणारा मुखवटा त्याच्या चेहऱ्यावर आहे, विमानाची घरघर चालू आहे, आणि टॉम हार्डी हा नट एका वेगळ्याच हेलात इंग्रजी बोलतो आहे. (हा हेल आपण बार्टली गॉर्मन या आयरिश भटक्या समाजातील मुष्टियोद्ध्यावरून घेतल्याचे हार्डीने सांगितले आहे.) इंग्रजी हीच ज्यांची मातृभाषा, अशा प्रेक्षकांनीही तक्रार केली की, बेनचे निम्मेअधिक बोलणे कळलेच नाही. त्यावर वर्तमानपत्रांतून बरीच चर्चा झाली. जुलै २०१२ मध्ये पूर्ण चित्रपट आला तेव्हा बेनचा आवाज पूर्वीपेक्षा मोठा व स्पष्ट झाला होता. तरीही काही वाक्ये काहींना कळली नाहीतच.

याउलट दुसरा मुखवटाधारी पाहा. १९७७ सालच्या 'स्टार वॉर्स' चित्रपटातील डार्थ व्हेडर. याचे तर डोके, चेहरा, मान सगळेच काळ्या शिरस्त्राणात बंद! तरीही त्याचा शब्द न् शब्द कळतो. हे कसे? एकाचे अर्धे तोंड झाकलेले असून बोलणे कळत नाही आणि दुसऱ्याचे सगळे डोके झाकलेले असून कळते, हा काय प्रकार आहे? याचे उत्तर शोधायचे तर चित्रपट थोडा वेळ बाजूला ठेवून आपण आपल्या तोंडाकडे वळू.

एक सोपा प्रयोग करा. ओठ घट्ट मिटून एखादे वाक्य 'म्हणा'. घशातून आवाज येईल, तो दूरवर ऐकूही जाईल, त्यातले चढउतारही समजतील, पण शब्द? एकही कळणार नाही. आता तेच वाक्य मित्राच्या कानाशी कुजबुजून म्हणा. या वेळी घशातले स्वरतंतू कंप पावतच नाहीत. आवाजातला भरदारपणा नाहीसा झालेला असतो, उरतो तो फक्त हवेचा सूसू असा ओघ. तरी मित्राला सगळे वाक्य कळते! म्हणजे आवाज ऐकू येणे वेगळे आणि बोलणे कळणे वेगळे. पहिल्या प्रकारात नुसता आवाज होता, दुसऱ्यात नुसते बोलणे.

स्वरतंतूंची कंपने मोठ्या माणसाच्या, म्हणजे पुरुषाच्या आवाजात सेकंदाला साधारण १०० ते १५० आणि स्त्रीच्या आवाजात २०० च्या आसपास असतात. सेकंदाला होणाऱ्या कंपनांच्या संख्येला कंप्रता म्हणतात आणि ती हर्ट्‌झ या एककात मोजतात. स्वरतंतूंपासून निघालेल्या ध्वनीला जीभ, टाळू, दात आणि ओठ आकार देतात, आणि तेव्हा त्याचे अक्षर होते. 'आ', 'ओ', 'ऊ' हे स्वर जोरकस असतात. त्यांची बरीचशी ऊर्जा १००० हर्ट्‌झच्या खाली असते. व्यंजनांचे तसे नाही. 'स' म्हणून पाहा. दातांच्या फटीतून हवा घुसते आणि ४००० हर्ट्‌झच्याही वरचा बारीक, तीक्ष्ण आवाज निघतो. 'त', 'प', 'क' ही व्यंजने म्हणजे हवा क्षणभर अडवून सोडल्याने होणारे इवलेसे स्फोट. स्वर किती जोरकस आणि व्यंजने किती दुबळी, हे अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत हार्वी फ्लेचर यांनी मोजले होते. इंग्रजीतील सर्वांत जोरकस स्वर आणि सर्वांत क्षीण व्यंजन यांच्या शक्तीत सुमारे ७०० पट फरक आढळला.

गंमत अशी की, अर्थाचे ओझे मात्र या दुबळ्या व्यंजनांच्या खांद्यावर असते. एखाद्या वाक्यातली व्यंजने गाळून केवळ स्वर म्हटले तर काय उरते? 'आई बाजारात गेली' याचे 'आई आआआअ एई' होईल. फक्त आई तेवढी ओळखता येईल!

आता या तोंडावर मुखवटा चढवू या. शेजारच्या इमारतीत ध्वनिक्षेपक लावलेला असला की भिंतीतून आपल्याला काय ऐकू येते? ढोलाचा दणदणाट तेवढा येतो, गाण्याचे शब्द येत नाहीत. भिंतीला सावकाश हलवणे ध्वनिलहरींना जमते, पण भरभर हलवणे जमत नाही. वस्तू जड असेल तर ती वेगाने मागेपुढे व्हायला तयार नसते, हे न्यूटनचेच सांगणे. अशा जड पडद्याच्या बाबतीत कंप्रता दुप्पट झाली की त्याची अडवणूक साधारण ६ डेसिबलने वाढते. मुखवटा म्हणजे तोंडासमोर उभी केलेली एक छोटी भिंतच. स्वर तिच्यातून निसटतात आणि 'स', 'त', 'फ' अडकून पडतात.

कोविडच्या साथीत, २०२० साली, हे सगळ्या जगाने अनुभवले. त्या वर्षी केलेल्या मोजणीत असे आढळले की, साधा वैद्यकीय मास्क २००० ते ७००० हर्ट्‌झच्या पट्ट्यात आवाज ३ ते ४ डेसिबलने कमी करतो आणि एन-९५ मास्क १२ डेसिबलपर्यंत कमी करतो. ३ डेसिबल म्हणजे ध्वनीची तीव्रता निम्मी होणे, हे लक्षात घेतले तर १२ डेसिबल म्हणजे निम्म्याचे निम्मे असे चार वेळा, म्हणजे सोळावा हिस्सा! आणि १००० हर्ट्‌झच्या खाली? तेथे फारसा फरक पडत नाही. म्हणूनच मास्कमधून बोलणाऱ्याला वाटते, 'मी तर नेहमीसारखाच बोलतो आहे', आणि ऐकणाऱ्याला वाटते, 'हा तोंडातल्या तोंडात का पुटपुटतो?' दोघेही आपापल्या जागी खरे असतात.

दवाखान्यात याचे परिणाम किती गंभीर होऊ शकतील, याची कल्पना करा. 'सात' आणि 'साठ' यांत फरक कशाचा? एका 'त'चा आणि 'ठ'चा. मधला 'आ' दोन्हींत तोच, सुरुवातीचा 'स'ही तोच. मास्कमधून सांगितलेली औषधाची मात्रा अशा वेळी लिहून घेतलेली बरी.

मुखवट्याचा उपद्रव एवढ्यावर थांबत नाही. मुखवटा टणक असेल आणि त्याच्या आत पोकळी असेल तर ती पोकळी घुमते. रिकाम्या माठात तोंड घालून बोलल्यावर जसा आवाज येतो तसा. पोकळीच्या आकारमानानुसार ठराविक कंप्रतेचे ध्वनी फुगतात. याला अनुनाद म्हणतात. अनुनादामुळे आवाज भारदस्त होतो, खलनायकाला शोभतोही. पण अक्षरे एकमेकांत मिसळतात. शिवाय मुखवट्याचा पट्टा जबडा दाबून धरत असेल तर ओठांची उघडझाप नीट होत नाही. आपली वर्णमाला ज्यांनी रचली त्यांनी उच्चारस्थानांप्रमाणे अक्षरांचे वर्ग पाडले आहेत. त्यातील प, फ, ब, भ, म हा सारा वर्ग ओष्ठ्य, म्हणजे ओठांवर अवलंबून. ओठच बांधले तर हा वर्ग संपावर जाणार!

आणखी एक गोष्ट मुखवटा हिरावून घेतो, तिचा तुम्हाला कदाचित अचंबा वाटेल. आपण बोलणे केवळ कानांनी ऐकत नाही, डोळ्यांनीही ऐकतो. १९५४ साली सम्बी आणि पोलॅक या अमेरिकन संशोधकांनी गोंगाटात शब्द ऐकवून पाहिले. बोलणाऱ्याचा चेहरा दिसत असला तर कितीतरी अधिक शब्द ओळखता आले, आणि गोंगाट जितका मोठा तितकी डोळ्यांची मदत जास्त. पुढे १९७६ साली हॅरी मॅकगर्क आणि जॉन मॅकडोनाल्ड यांनी तर विलक्षणच प्रयोग केला. त्यांनी चित्रफितीत ओठ दाखवले 'ग' म्हणणाऱ्याचे आणि आवाज जोडला 'ब'चा. पाहणाऱ्यांना ऐकू आला 'द'! डोळे मिटले की तोच आवाज पुन्हा 'ब' होई. कान एक सांगतात, डोळे दुसरेच सांगतात, आणि मेंदू तडजोड करून तिसरेच अक्षर ठरवतो.

बेनचे ओठ प्रेक्षकाला दिसत नाहीत. विमानाची घरघर चालू असते, म्हणजे डोळ्यांच्या मदतीची गरज जेव्हा सर्वांत जास्त, नेमकी तेव्हाच ती मिळत नाही. त्यात हेल अनोळखी. घरघरीचाही एक खास त्रास आहे. १९२४ साली वेगेल आणि लेन यांनी दाखवून दिले की, खालच्या कंप्रतेचा मोठा आवाज वरच्या कंप्रतेच्या बारीक आवाजांना सहज झाकून टाकतो. उलट मात्र तितकेसे घडत नाही. यामुळेच केवळ आवाज मोठा करून बोलणे स्पष्ट होत नाही. सगळाच आवाज सारख्या प्रमाणात वाढवला तर घुमणारा खालचा भागही वाढतो आणि तो 'स'–'त' यांना पुन्हा झाकतो. वाढवायचा तर वरचा भाग तेवढा वाढवायला हवा. ध्वनिमुद्रण करणारे तंत्रज्ञ नेमके हेच करतात. माझे मत विचाराल तर बेनचा आवाज ऐकायला मजेदार आहे, पण समजायला सोपा नाही. आणि जो काही समजतो त्याचे श्रेय मुखवट्याला नव्हे, ध्वनिमिश्रणाच्या टेबलाशी बसलेल्या माणसांना द्यावे लागेल.

आता डार्थ व्हेडरचे रहस्य. ते ऐकून तुम्ही म्हणाल, ही तर लबाडी झाली! चित्रीकरणाच्या वेळी त्या काळ्या पोशाखात डेव्हिड प्राउझ हा उंच, धिप्पाड इंग्रज नट होता. तो संवाद म्हणत असे, पण ते शिरस्त्राणात कोंडून जात. पडद्यावर जो आवाज आपण ऐकतो तो त्याचा नाहीच. तो जेम्स अर्ल जोन्स या अमेरिकन नटाचा आहे. त्याने कोणताही मुखवटा न घालता, ध्वनिमुद्रणाच्या खोलीत निवांत उभे राहून ते संवाद म्हटले. (हा जोन्स लहानपणी इतका अडखळत बोलायचा की कित्येक वर्षे तो जवळजवळ गप्पच राहिला होता. त्याचाच आवाज पुढे जगभर गाजला.)

म्हणजे व्हेडरचे 'स' आणि 'त' कोणत्याही भिंतीत अडकलेच नाहीत. मग तो आवाज मुखवट्यातून येतो आहे असे आपल्याला का वाटते? त्याचे कारण श्वास. ध्वनितज्ज्ञ बेन बर्ट यांनी पाणबुड्यांचे श्वसनयंत्र घेतले, त्यात लहानसा मायक्रोफोन बसवला आणि आपल्याच श्वासोच्छ्वासाचा आवाज मुद्रित केला. तो खर्रर्र–फुस्स असा आवाज संवादांच्या मधल्या मोकळ्या जागांत बसवला आहे. श्वासाचा हा आवाज संवादावरच घातला असता तर त्याच्या फुसफुशीत 'स' बुडाला असता. वाक्य संपते, श्वास येतो; पुन्हा वाक्य. कानाला मुखवट्याची खूण पटते आणि शब्दांना धक्का लागत नाही. युक्ती साधी, पण किती विचारपूर्वक केलेली!

ओठ न दिसण्याचा येथे फायदाच झाला. आपल्याकडील हिंदी–मराठी चित्रपटांत अनेक वर्षे संवाद नंतर स्टुडिओत भरण्याचीच पद्धत होती, कारण कॅमेरे फार आवाज करीत. (२००१ सालचा 'लगान' हा चित्रीकरणाच्या वेळीच संवाद मुद्रित करण्याबद्दल गाजला.) नंतर संवाद भरताना नटाच्या ओठांशी शब्द जुळवण्याची मोठी कसरत असते. व्हेडरला ओठच दिसत नसल्याने ती कसरत नाही. 'स्टार वॉर्स' मालिकेच्या १९८० सालच्या चित्रपटात तो नायकाचा बाप असल्याचे रहस्य तो उघड करतो. ते फुटू नये म्हणून चित्रीकरणात प्राउझला वेगळेच वाक्य म्हणायला दिले होते आणि खरे वाक्य नंतर जोन्सच्या आवाजात भरले गेले!

चित्रपटातल्या माणसाला दुसऱ्याचा आवाज उसना मिळतो. खऱ्या मुखवट्यात काम करणाऱ्यांचे काय? लढाऊ विमानाच्या वैमानिकाला प्राणवायूचा मुखवटा घालावाच लागतो. त्याच्यासाठी मायक्रोफोन मुखवट्याच्या आतच बसवतात; भिंत ओलांडण्याचा प्रश्नच उरत नाही. अक्षरांचा घोटाळा टाळायला १९५६ पासून जगभरचे वैमानिक अक्षरांऐवजी 'अल्फा', 'ब्राव्हो', 'चार्ली' असे शब्द वापरतात. आपण नाही का दूरध्वनीवर "ब बदकाचा, भ भटजीचा" असे सांगत? साध्या दूरध्वनीतून ३०० ते ३४०० हर्ट्‌झ एवढाच पट्टा जात असे. तेव्हा तोही एक मुखवटाच म्हणायचा.

एक मुखवटा तर न दिसणारा असतो. वय वाढले की अंतर्कर्णातील सूक्ष्म पेशी झिजतात आणि आधी वरच्या कंप्रतेचे आवाज ऐकू येईनासे होतात. "ऐकू येते रे, पण कळत नाही," असे आजी म्हणते, तेव्हा ती अगदी अचूक वैज्ञानिक विधान करीत असते. तिला स्वर पोचतात, व्यंजने पोचत नाहीत. तिच्या कानाशी ओरडले तर पुन्हा स्वरच मोठे होतात. त्यापेक्षा तिच्यासमोर उजेडात बसून, जरा सावकाश, ओठ दिसतील असे बोलून पाहा. कोविडच्या काळात कर्णबधिर मुलांची जी अडचण झाली ती यावरून समजेल. ओठांवरून बोलणे ओळखणाऱ्या या मुलांना एकाएकी साऱ्या शाळेचे ओठ दिसेनासे झाले. त्यावर पारदर्शक खिडकीचे मास्क निघाले. परंतु अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात २०२० साली मोजून पाहिले तेव्हा हे पारदर्शक मास्क वरच्या कंप्रतेचा आवाज कापडी मास्कपेक्षाही जास्त अडवतात असे दिसले. डोळ्यांना दिले ते कानांकडून काढून घेतले! छातीवर लावलेला लहान मायक्रोफोन मात्र मास्क असूनही चांगले काम देतो, असेही त्याच प्रयोगात आढळले.

आता तुमचे काम. पाट, ताट, खाट, घाट, वाट, लाट, थाट, दाट, भाट, माठ हे दहा शब्द दहा चिठ्ठ्यांवर लिहा. 'माठ' सोडला तर सगळ्यांचा शेवट एकच, फरक फक्त पहिल्या व्यंजनाचा. (म्हणून 'माठ' ओळखणे सोपे जाते का, हेही पाहा.) एकाने चिठ्ठी उचलून शब्द म्हणायचा, दुसऱ्याने तीन मीटरवर पाठ फिरवून बसायचे आणि जो ऐकू आला तो लिहायचा. शब्द एकेकटाच म्हणायचा, वाक्यात नाही, कारण 'जेवायला... घ्या' म्हटले की ऐकणारा न ऐकताच 'ताट' लिहील. वाक्यात शब्द जास्त ओळखता येतात, हे मिलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५१ मध्येच दाखवले आहे. प्रत्येक चिठ्ठी पाच वेळा यावी. एक फेरी मोकळ्या तोंडाने, दुसरी चार पदरी रुमाल तोंडावर धरून, तिसरी रुमाल तसाच ठेवून पण पंखा पूर्ण वेगात चालू करून. चौथी फेरी रुमाल काढून, पंखा चालूच ठेवून आणि ऐकणाऱ्याला समोर तोंड करून बसवून करा. सगळे अंदाजाने लिहिले तरी दहात एक बरोबर येणारच, हे निकाल पाहताना विसरू नका.

निकालात केवळ चुका मोजू नका, कोणत्या शब्दाऐवजी कोणता लिहिला गेला तेही मांडा. मिलर आणि नाइसली यांनी १९५५ साली इंग्रजी व्यंजनांवर असाच तक्ता केला होता. वरचे ध्वनी गाळले की प, त, क हे एकमेकांत मिसळतात, पण 'प'चा 'ब' सहसा होत नाही, असे त्यांना दिसले. तेव्हा तुमच्याकडे 'पाट' आणि 'ताट' यांची अदलाबदल होईल, 'ताट' आणि 'दाट' यांची फारशी होणार नाही. पण इंग्रजीत 'त' आणि 'थ' यांसारखी, नुसत्या श्वासाच्या झोताने वेगळी होणारी शब्दांची जोडी नाही, मराठीत आहे. रुमालातून 'ताट' आणि 'थाट' वेगळे कळतात का, हे त्या तक्त्यातून मिळणार नाही. ते तुमच्याच वहीत दिसेल.